‘हौशी’ हे नाव कोणाचे? भंडारा जिल्ह्यातील विनामोबदला नाट्यपरंपरा : एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात ‘व्यावसायिक’, ‘हौशी’ व ‘प्रायोगिक’ असे वर्गीकरण रूढ आहे. मोबदला न घेता नाटक करणाऱ्या मंडळींना सामान्यतः ‘हौशी’ म्हटले जाते. भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात ही संज्ञा कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञेची पार्श्वभूमी

१८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या राजाश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. पुढे नाटक मंडळ्या तिकीट लावून गावोगाव फिरू लागल्या आणि नट पगारी झाला. या पगारी नटाहून वेगळा तो ‘हौशी’. म्हणजे ही संज्ञा व्यवसायाच्या अभावावर उभी आहे. शिवाय ‘हौस’ या शब्दात व्यक्तीची आवड सूचित होते, समूहाचे कर्तव्य नव्हे. १९५४ पासून मुंबई राज्याच्या नाट्यस्पर्धेने या वर्गाला शासकीय अधिष्ठान दिले. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. अर्थात, ही चौकट प्रथम आखली गेली तेव्हा हा जिल्हा तिच्या कक्षेबाहेर होता.

झाडीपट्टीचा अनुभव

वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. मंडईत दंडार होते. नाच, गाणे, सोंग व संवाद यांनी सजलेला हा प्रयोग शेतकरी व शेतमजूरच करतात. त्यांना मोबदला नसतो. परंतु तो फावल्या वेळेचा छंदही नसतो, तर गावाच्या उत्सवातील वाटा असतो. दुसरीकडे, वडसा येथील नाट्यमंडळ्यांचे कलावंत मानधन घेतात, मात्र त्यांचा प्रयोग गावात आणणारे स्थानिक मंडळ विनामोबदला राबते. गावच्याच नटांच्या नाटकात बाहेरून आणलेल्या अभिनेत्रीला मानधन देण्याची रीतही या भागाला परिचित आहे. एकाच रंगमंचावर पगारी व बिनपगारी माणसे असतील, तर त्या संस्थेला ‘हौशी’ म्हणावे की ‘व्यावसायिक’?

नामकरणाचे परिणाम

हा केवळ शब्दांचा वाद नाही. ‘हौशी’ ठरलेल्या संस्थेची नोंद स्पर्धांच्या निकालांत राहते. दंडार ‘लोककला’ ठरली की ती लोकसाहित्याच्या प्रकरणात जाते आणि नाट्येतिहासातून वगळली जाते. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा अभ्यास तिच्याच नावाने केला, याचे महत्त्व येथे जाणवते. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने झाडीपट्टी रंगभूमीला राष्ट्रीय मान्यता लाभली. तथापि हा सन्मान तिकिटाच्या रंगभूमीचा आहे. मंडईत नाचणारा दंडारकरी अद्याप अनामच आहे.

निष्कर्ष

‘हौशी’ ही संज्ञा त्याज्य नाही, परंतु ती सार्वत्रिकही नाही. जिल्ह्यातील नाट्यमंडळांची नोंद करताना त्यांचे स्थानिक नाव कायम ठेवावे. तसेच कोणी श्रम केले, खर्च कोणी उचलला व मोबदला कोणास मिळाला, हे स्वतंत्रपणे लिहावे. हे काम स्थानिक महाविद्यालयांनी हाती घेतले, तरच दंडारकऱ्याला नाट्येतिहासात स्वतःच्या नावाने स्थान मिळेल.