किरण कोठे पडला? : पॉझिट्रॉन-चित्रणातील स्थाननिश्चितीचा इतिहास

पॉझिट्रॉन-चित्रणाचा इतिहास बहुधा चित्रांचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः गॅमा किरण अभिज्ञातकात नेमका कोठे पडला, ह्या एकाच प्रश्नाचा तो इतिहास होय. इ. स. १९५१ मध्ये बोस्टन येथे स्वीट व ब्राउनेल यांनी मेंदूतील अर्बुदाच्या शोधासाठी सोडियम आयोडाइडचे दोनच अभिज्ञातक समोरासमोर ठेवले, तेव्हा अभिज्ञातकाची जागा तीच किरणाची जागा होती. १९५८ मध्ये अँगरने एका स्फटिकामागे अनेक प्रकाशगुणक नलिका बसवून त्यांच्या संकेतांच्या गुरुत्वमध्यावरून स्थान काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८६ मध्ये केसी व नट यांनी तीच युक्ती ३२ खंडांत चिरलेल्या स्फटिकावर अवघ्या ४ नलिकांनी साधली; काटकसरीचा एवढा दूरगामी परिणाम क्वचितच आढळतो.

परंतु अखंड स्फटिकाच्या कडेशी परावर्तित प्रकाशामुळे हा गुरुत्वमध्य आत सरकतो. म्हणून ब्रुसेल्स येथे ब्रुइंडोंक्स प्रभृतींनी २००४ च्या सुमारास स्थाननिश्चिती न्यूरल नेटवर्ककडे सोपविली. ज्ञात बिंदूंवर किरण पाडून त्यास उदाहरणे पुरविली जात. प्रत्येक अभिज्ञातकास असे बिंदुशः शिकविणे रुग्णालयीन यंत्रास सहज परवडणारे नव्हे, ही अडचण यशाच्या वर्णनात झाकली जाते. २०१८ मध्ये बर्ग व चेरी यांनी संकेताचा संपूर्ण तरंगाकार नेटवर्कला दाखवून कालविभेदन २३१ पिकोसेकंदांवरून १८५ वर आणले; अंतरात सांगावयाचे तर सुमारे साडेतीन सेंटिमीटरांवरून पावणेतीनांवर.

मात्र दोन किरणांच्या दिशांत सरळ रेषेपासून पडणारा किंचित् फरक अभिज्ञातकाबाहेरच उद्भवतो. ८० सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात एवढ्यानेच सुमारे पावणेदोन मिलिमीटरांची धूसरता येते, आणि अभिज्ञातकातील संकेतांत तिचा मागमूसही नसतो.