जमिनीतले धन आणि जमिनीचा धनी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या पनवेलीत गुप्तधनाचा विषय हटकून निघतो. कुणाच्या आजोबांनी कर्नाळ्याच्या वाटेवर हंडा पाहिलेला असतो, कुणाच्या मामाच्या स्वप्नात नाग येऊन गेलेला असतो. हंडा मात्र अजून कुणी फराळाच्या पाटापर्यंत आणलेला नाही.

यंदा पाऊस सरता सरता माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात लांब दांड्याचे, टोकाला थाळीसारखे चक्र असलेले यंत्र. जमिनीवरून फिरवले की खाली धातू असेल तिथे ते कुरकुरते. म्हणाला, "सर, शिरढोणच्या बाजूला एका आजींचे शेत आहे. तिथे हे फिरवायचे तर परवानगी कुणाची लागते? तुम्ही इतिहास शिकवता, तुम्हाला ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हते. पण विद्यार्थ्यापुढे तसे म्हणणे मास्तराच्या जिवावर येते. दोन दिवसांची मुदत घेतली आणि पुस्तके काढून बसलो.

कौटिल्याने या प्रश्नाचा विचार करून ठेवलेला आहे. निधी दाखवून देणाऱ्यास सहावा हिस्सा, तो राजाचा नोकर असेल तर बारावा. आणि निधी लाखाच्या वर गेला की तो राजाचाच. आपल्या पूर्वजांचाच ठेवा आहे असे सचोटीच्या माणसाने सिद्ध केले, तर मात्र सगळा त्याला. ज्याची जमीन उकरली गेली त्या बिचाऱ्याचे नाव या वाटणीत नाही.

ते नाव आले इंग्रजांच्या कायद्यात. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही चालू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले, की सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचे: काय सापडले, कुठे, कोणत्या दिवशी. मग तो माल सरकारी खजिन्यात ठेवायचा किंवा जामीन द्यायचा. कलेक्टर जाहीर नोटीस काढून हक्कदारांना बोलावतो. ठेवा बेवारस ठरला, तर जमीनमालक आणि सापडणारा यांच्यात जो करार झाला असेल तशी वाटणी. करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक मालकाचा. सरकारला हवे तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा वाढवून देऊन ते सगळे विकत घेऊ शकते. लपवाछपवी केली तर सापडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, आणि त्यात सामील झालेल्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत.

बेवारस कधी ठरायचे, यातली मेख आपल्याच तालुक्यातल्या उदाहरणाने सांगतो. कायदा आला त्याच्या पुढल्याच वर्षी, मे १८७९ मध्ये, शिरढोणचे सुपुत्र वासुदेव बळवंत फडके यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी पळस्प्यावर छापा घातला. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव पडले. आता समजा, त्या धामधुमीत एखाद्या सावकाराने घरचा डबा परसात पुरला आणि तो १९५० साली कुणाला सापडला. शंभर वर्षे झालेली नसल्याने सावकाराच्या नातवाला आपला हक्क कोर्टात शाबीत करता आला असता. १९७९ नंतर ती वाटही बंद झाली. डब्याने जमिनीत शंभरी भरली, की घराणे त्याला मुकले!

हे सगळे मी मुलाला सांगितले. तीन हिस्से म्हणताच त्याचे डोळे चमकले. मला ते आवडले नाही. ज्या रायगड जिल्ह्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात पाच माणसे गोळीबारात पडली, आणि साडेबारा टक्के हा शब्द घरोघर पोरासोरांनाही ठाऊक झाला, तिथे कुणाच्या बांधावर पाऊल टाकायचे ते कायद्यातला पाऊण वाटा डोळ्यांपुढे ठेवून?

मग त्याला इंग्लंडातली एक गोष्ट सांगितली. सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी १९९२ च्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याने यंत्रवाल्या मित्राला बोलावले. म्हणजे परवानगी मागायची वेळच आली नाही. शेत कसणाऱ्यानेच बोलावणे धाडलेले. यंत्र कुरकुरले ते रोमन नाण्यांवर. सुमारे पंधरा हजार नाणी, शिवाय दागिने आणि चमचे! पण कौतुक याचे, की थोडे बाहेर येताच त्याने खणणे थांबवले आणि जाणत्यांना बोलावले. मोबदला साडेसतरा लाख पौंड ठरला, तो दोघांनी वाटून घेतला. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

थांबण्याचे महत्त्व काय ते आपल्या दायमाबादने शिकवले. प्रवरेकाठच्या त्या गावी १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना चार काशाच्या वस्तू निघाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन साठ किलोंच्या वर. मोडीत न जाता त्या सरकारकडे पोचल्या, हे भाग्यच. पण मातीच्या कोणत्या थरात त्या होत्या, हे पाहायला त्या क्षणी जाणता कुणी नव्हता. पुढे डॉ. साळींनी तिथे चार वर्षे उत्खनन केले, तरी त्या वस्तूंच्या काळाविषयी विद्वानांचा वाद राहिलाच. फावड्याच्या दोन घावांत जे पुसले गेले, ते परत कुठून आणायचे?

कर्नाळ्याचे नाव मी काढूच दिले नाही. ते अभयारण्य, तिथला मालक सरकार. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर १९५८ च्या कायद्याने परवान्यावाचून उत्खनन करताच येत नाही. आणि शंभर वर्षांपलीकडची वस्तू विकायची, तर १९७२ चा कायदा आडवा येतो.

शेवटी आम्ही दोघे आजींकडे गेलो. पडवीत सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मुलाने यंत्र बाहेरच ठेवले, आणि मी सांगितल्याप्रमाणे एक कागद पुढे केला: सापडेल त्यात अर्धे तुमचे, कलेक्टरांना दोघांनी मिळून कळवायचे, खड्डा परत बुजवायचा, आणि वितीपेक्षा खोल काही लागले तर हात लावायचा नाही.

आजींनी कागद नातवाकडून वाचून घेतला, दोनदा. मग म्हणाल्या, "अर्धं राहू दे बाबा. भात कापून झालं की मी वाल पेरनार. वालात कुनी पाय घालायचा नाय. होळीनंतर ये."

मुलाने कागदावर 'होळीनंतर' असे लिहिले आणि आजींचा अंगठा घेतला.