वावरातून गेलेल्या फौजा

निरगुडसरच्या आमच्या जुन्या घरात पडवीच्या कोपऱ्यात एक पेव होतं. मुरमात खणलेलं, तोंडाशी जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आत मात्र ऐसपैस. कडेने आणि तळाला सरमाडाचा थर द्यायचा, दाणे भरायचे, तोंडावर फरशी बसवून शेणमातीने लिंपून टाकायचं. पेव उघडल्या उघडल्या कोणी आत उतरायचं नाही, हा मोठ्या आईचा दंडक. कोंडलेल्या हवेने माणूस जागच्या जागी जातो. आधी दोरीने कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, हवा खेळू द्यायची आणि पुन्हा सोडून बघायचा.

मोठी आई म्हणजे वडिलांची आजी. तिला तिच्या आजेसासूने सांगितलेलं असं, की फौज येतेय अशी कुणकुण लागली की पेवाचं तोंड सारवून घ्यायचं, त्यावर चूल मांडायची आणि चूल पेटती ठेवायची. पेटत्या चुलीखाली दाणे असतील असं शिपायाच्या मनात येत नाही. म्हातारी माणसं चुलीपाशी बसून राहायची. तरण्या बाया आणि गुरं रात्रीतूनच डोंगराच्या अंगाला निघून जायची.

"कोणाची फौज गं?" मी विचारायची.

"फौज ती फौज. गनिमाची काय नि आपली काय, दाण्याला दोन्ही सारख्याच."

लहानपणी हे मला पटायचं नाही. आमची शाळेची सहल शिवनेरीला जायची, आम्ही घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचो. आपली फौज आपल्याच गावचे दाणे कशी नेईल? पुढे इतिहास शिकवायला लागले तेव्हा मोठ्या आईचा काळ हाताला लागला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतरच्या महिन्यांत पुणे-नगरचा मुलूख फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी पार धुऊन काढला. उभी पिकं घोड्यांनी खाल्ली, बियाणं राहिलं नाही, आणि १८०३-०४ साली भयंकर दुष्काळ पडला. यशवंतराव काही परके नव्हेत. वाफगाव हे त्यांचं गाव आमच्या शेजारच्या खेड तालुक्यात. इंग्रजांशी त्यांच्याइतकी झुंज फार थोड्यांनी दिली, आणि त्या झुंजीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आमच्या पडवीतली चूल त्यांच्याच फौजेच्या भीतीने पेवावर चढली होती, हेही तेवढंच खरं.

आमच्या पारावर भरतीची तयारी करणारी पोरं बसतात. पहाटे कालव्याच्या कडेने धावून येतात, मग मोबाईलमध्ये याद्या बघतात: जगात कोणाची फौज एक नंबर, कोणाची चार नंबर. रणगाडे किती, विमानं किती, पाणबुड्या किती. मला विचारतात, "बाई, तुमच्या मते सगळ्यात मान द्यावा अशी फौज कोणती?" शौर्यावर ठरवायचं म्हटलं तर ठरत नाही. हिटलरचं कंबरडं मोडलं ते रशियाच्या लाल सैन्याने. त्या माणसांनी सोसलं तेवढं कोणत्याच सैन्याने सोसलं नाही. त्याच सैन्याने बर्लिनच्या बायकांचं काय केलं, तेही जगाला ठाऊक आहे. जपानी शिपाई मरणाला भीत नव्हता, आणि १९३७ साली नानकिंगमध्ये कत्तल त्यानेच केली. शूर माणसं सगळ्याच फौजांत असतात. म्हणून मी मोठ्या आईचा हिशेब धरते: फौज वावरातून गेल्यावर मागे काय राहिलं?

हा हिशेब कागदावर मांडणारा राजा याच मातीत, जुन्नरच्या किल्ल्यावर जन्मला. १६७३ साली चिपळूणच्या बाजूला हलवर्ण्याला मराठी घोडदळाची छावणी पडली होती. पावसाळा तोंडावर होता. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पत्र पाठवलं. राज्याभिषेकाला अजून वर्ष होतं, पण या पत्रात राज्याची भाषा नाही; घरच्या वडीलधाऱ्या शेतकऱ्याची काळजी आहे. वैरण आणि दाणा आत्ताच उधळलात तर ऐन पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुमची माणसं कुणब्यांच्या घरी जातील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी, कोणी लाकूडफाटा. जे कुणबी जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडतील, आणि त्यांना वाटेल की तुमच्यापेक्षा मोगल बरे. पगार दिलेला आहे, लागेल ते बाजारातून विकत आणा. पुढे आगीचं. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सगळी पागा जळेल.

भाजीची चोरी आणि उंदराने नेलेली वात! मुघल आणि आदिलशाही या दोन्हींशी झुंजणारा माणूस या दोन गोष्टी लिहून कळवतो. जगातल्या नावाजलेल्या सेनापतींबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण कुणब्याच्या परड्यातली भाजी त्यांच्यापैकी कोणाच्या हुकमात मला दिसली नाही. ज्या दिवसांत हे पत्र पाळलं गेलं, त्या दिवसांतली ती फौज माझ्या लेखी सगळ्यांच्या वर.

पण त्या दिवसांतलीच. पुढच्या सत्तर वर्षांत आपल्याच माणसांनी हे पत्र विसरून दाखवलं. १७४१ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात राहिल्या. तिकडचे लोक त्यांना बर्गी म्हणत. आपल्या बारगीराचंच ते नाव. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं, त्यात गावं कशी जळाली आणि माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन कशी पळाली याचं वर्णन आहे. बंगाली आया आजही पोरांना निजवताना बर्गी आल्याचं गाणं म्हणतात. मी वर्गात हे शिकवायची तेव्हा पोरांच्या माना खाली जायच्या. जाऊ द्याव्यात. पेवावरची चूल आपल्या घरची तेवढी खरी आणि बंगालातल्या बर्दवानची खोटी, असं कसं चालेल?

आमचे आबा, म्हणजे आजोबा, मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले. नाईक यशवंत घाडगे यांची तिसरी बटालियन तीच आबांची. घाडगे कुलाब्याकडचे, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे पडले, उरले ते एकटे. ते मशिनगनवर धावून गेले, गोळ्या संपल्या तेव्हा हातातल्या गनचा दस्ता चालवला, आणि तिथेच नेम धरून मारलेल्या गोळीने कोसळले. वय बावीस. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव. ते तर आमच्या शेजारचे, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. दोन जखमींना त्यांनी खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर आणलं, आणि मग एकट्याने तीन मशिनगना बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आबा या दोघांबद्दल बोलायला लागले की उठून उभे राहत.

स्वतःबद्दल मात्र ते लढाईचं फारसं काही सांगत नसत. सांगायचे ते तिथल्या बैलांचं. आबा बैलगाडा घाटातले जाणते. बैल बघितला की त्याची छाती, खूर, वशिंड आधी बघणार. टायबरच्या खोऱ्यातले बैल पांढरेशुभ्र, आपल्या खिल्लारापेक्षा हातभर उंच, पण वशिंड नाही! हे ते दर वेळी नव्याने आश्चर्य वाटल्यासारखं सांगत. मग आवाज उतरायचा. "गोठे रिकामेच जास्त. जर्मन माघारी जाताना हाकून घेऊन गेला. वावरात सुरुंग पेरून गेला. लढायला जर्मन पक्का होता, त्यात वाद नाही. पण वावरात सुरुंग पेरतो त्याला मान कसला द्यायचा? लढाई संपल्यावर नांगर तर शेतकऱ्यालाच धरायचाय." एका म्हाताऱ्या बाईच्या गोठ्यात त्यांची तुकडी पावसाची राहिली होती. निघताना सगळ्यांनी मिळून गोठ्याचं कोसळलेलं दार बसवून दिलं, एवढीच त्यांची इटलीतली बढाई.

२०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने या गावाने यशवंत घाडग्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर कोरलंय. ७९ वर्षांनी, परक्या देशातल्या एका डोंगरी गावाने! मला मिळालेला मोठ्या आईच्या हिशेबाचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच. फौज ज्यांच्या शेतांतून गेली, त्यांनीच दगड उभा केला.

हा हिशेब पुरा नाही, हे मला गावातल्याच एका निवृत्त सुभेदारांनी दाखवून दिलं. ते बौद्धवाड्यातले, महार रेजिमेंटमध्ये आयुष्य गेलेले. पारावर माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, फौज गावाशी कशी वागली ते बघता, ते बरोबर. पण फौज आपल्याच शिपायाशी कशी वागली, तेही बघा." १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला इंग्रजांच्या बाजूने ज्यांनी दिवसभर तहानभूक सोसून मोर्चा धरला, त्यांत महार शिपाई होते. १८९० च्या सुमाराला इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. लढाऊ जात नाही म्हणे. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली, १९२१ साली मोडली. शेवटी ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला. आता त्या रेजिमेंटमध्ये सगळ्या जातींचे, सगळ्या प्रांतांचे जवान आहेत. "लंगरात एका पंगतीला बसलो," सुभेदार म्हणाले. "गावात तेव्हा नव्हतो बसत." त्यांच्या हिशेबात स्वतंत्र भारताची फौज पहिली येते, आणि त्याचं कारण त्या पंगतीत आहे.

माझ्या मनात भारतीय फौजेचं एक पान सर्वांत वर आहे, ते १९७१ चं. जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, १७६८ साली उभी राहिलेली. ती डिसेंबरात जमालपूरला लढली. ११ तारखेला जमालपूर पडलं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, ९३ हजार माणसं कैद झाली. जिंकलेल्या मुलखात ठाण मांडून बसणाऱ्या फौजांनी इतिहास भरलेला आहे. आपली फौज मार्च १९७२ मध्ये बांगलादेशातून बाहेर पडली होती.

माझे एक चुलते त्या पलटणीत होते. ते सांगत, वाट गावकरीच दाखवायचे, घरात शिजलेलं पुढं करायचे. एका मुक्कामी एका म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही कुठले? मराठा पलटण, असं ऐकल्यावर तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "बर्गी?" चुलत्यांना शब्द कळला नाही. त्यांना वाटलं, म्हातारा पलटणीचं नाव चुकीचं घेतोय. त्यांनी हसून मान डोलावली, आणि मग म्हाताऱ्याच्या नातवाने काहीतरी समजावून सांगितल्यावर तोही हसला.

पुष्कळ वर्षांनी सुट्टीत घरी आले असताना त्यांनी मला त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी रघुजी भोसल्यांपासून अंगाईपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "आणि मी हो म्हणून मान हलवली होती गं. बरं झालं, आम्ही वेळेत निघून आलो."