निरख, शीग आणि सूट

औरंगाबादेहून जालन्यास जाणाऱ्या हमरस्त्यावरील चिकलठाणा हे गाव आज कारखान्यांमुळे आणि विमानतळामुळे सर्वपरिचित झाले असले, तरी शहराची हद्द त्याच्यापर्यंत येऊन पोचण्यापूर्वी ते ज्वारी-कापसाचे, आठवडी बाजाराने जगणारे गाव होते. आणि अशा बाजारात भाव पाडून मागणे, वर चिमूटभर जास्त घालून घेणे, आणा-दोन आणे सोडवून घेणे हा सामान्य कुटुंबाच्या जमाखर्चाचा कणा होता. या रिवाजाकडे आपले इतिहासकार फारसे वळले नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण जेथे ग्राहकाच्या वतीने भावावर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते, तेथे त्याने स्वतःच उभारलेले ते संरक्षण होते.

शहरात तसे लक्ष ठेवणारा होता. मलिक अंबराने 1610 च्या सुमारास वसविलेली खडकी पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाली, आणि मोगल व मराठे या दोन्ही अमदानींत मोठ्या शहरांतील जिनसांचा निरख म्हणजे दरपत्रक ठरविणे व ते पाळले जाते की नाही हे पाहणे कोतवालाकडे असे. पेठेत शेटे-महाजनांचे मानपान होते, विकावयास आणलेल्या मालातून मूठभर उचलण्याचा ‘फसकी’चा हक्क होता, आणि बसावयाच्या जागेची तहबाजारी निराळी. खेड्याच्या बाजारात कोतवालाचा निरख पोचत नसे, मात्र हक्कदारांचे हात पोचत. विक्रेता तो बोजा भावात चढवी, आणि तो उतरविण्यासाठी गिऱ्हाइकापाशी जिभेखेरीज साधन नव्हते.

ही सूट पुष्कळदा पैशांत नसून मापात असे. धान्य शेर-पायलीने मोजले जाई तेव्हा माप काठोकाठ सपाट भरावयाचे की त्यावर शीग चढवावयाची, यावरच खरी घासाघीस होई. भाव तोच राहून शिगेमुळे पदरात पडणारे धान्य वाढे, विक्रेत्याच्या तोंडचा भावही मोडत नसे आणि गृहिणीचे एका वेळचे पीठ निघे. दिवसाच्या पहिल्या भवानीला गिऱ्हाईक परत धाडू नये हा संकेत तर चतुर बायका सकाळी लवकर बाजार गाठून हमखास वापरीत.

निजामाच्या राज्यात या घासाघिशीला आणखी एक पेच पडला. राज्याचा रुपया हाली शिक्क्याचा, तर सरहद्दीपलीकडे खानदेशात व नगर-नाशकाकडे इंग्रजी कलदार. आणि साधारणपणे सात हाली म्हणजे सहा कलदार असा विनिमय. 1900 मध्ये मनमाड-हैदराबाद लोहमार्ग पुरा झाल्यावर मुंबईचा माल करोडगिरीच्या नाक्यावरील जकात भरून या भागात सहज येऊ लागला. अशा मालाचा भाव हालीत की कलदारात, याचा निकाल आधी न लावल्यास रुपयामागे दोन आण्यांहून अधिक अंतर पडे. म्हणजे ज्याला हा हिशेब कळे त्याला सूट न मागताही मिळे, आणि ज्याला कळत नसे तो मागूनही नागवला जाई.

परंतु या कथेची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. बाजारात ग्राहक म्हणून जो शेतकरी पैसा-पैसा सोडवी, तोच कापूस किंवा ज्वारी घेऊन मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, गेला की सवलत त्याच्याच अंगावरून कापली जाई. दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा करी. आणि ज्याच्या मालाचा लिलाव चालला आहे त्यालाही आकडा शेवटी कळे. त्यावर अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय आणि पोत्यामागे वजनातून वजा होणारा कडता. हैदराबाद संस्थानाने 1930 मध्ये बाजारांच्या नियमनाचा कायदा केला व 1963 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने बाजार समित्यांतून उघड लिलावाची पद्धत रूढ केली, तरी कडत्याविषयीची शेतकऱ्यांची तक्रार पुढेही दीर्घकाळ चालू राहिली. मागणारा दुबळा असता सूट म्हणजे काटकसर, मागणारा सबळ असता तीच लूट, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि भाजीच्या टोपलीपुढे बसून एका जुडीसाठी हुज्जत घालणाऱ्या सुखवस्तू गिऱ्हाइकाची गणना मी दुसऱ्या वर्गात करतो.

स्वातंत्र्योत्तर काळात या घासाघिशीचा एकेक पाया सरकत गेला. हैदराबादी रुपया 1959 पर्यंत चालून संपला. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा एका आण्याचे सहा, दोनांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस अशा कोष्टकाने पुष्कळ दिवस वाद चालले. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम, जाऊन त्याच्या जागी किलो आला, आणि तराजूवर शीग चढत नसल्यामुळे मापातली सूट मावळली. पुढे चिकलठाण्याभोवती औद्योगिक वसाहत उभी राहिली, ठरलेल्या तारखेला पगार घेणारा नवा ग्राहक आला, आणि बंद पाकिटावर किंमत छापण्याचा नियम 1977 मध्ये व सर्व करांसह कमाल किंमत छापण्याचा 1990 मध्ये झाला. अनेकांची समजूत आहे की छापील किंमत म्हणजे ठरलेली किंमत. वास्तविक कायद्याने तीहून अधिक घेणे हा गुन्हा ठरविला आहे, तिच्याखाली भाव मागण्यास व देण्यास कोणतीही आडकाठी ठेवलेली नाही.