मुकुटबन परिसरातील ‘वार’ आडनावे

मुकुटबन (ता. झरी जामणी, जि. यवतमाळ) व आसपासच्या गावांतील ‘वार’ने संपणारी आडनावे, त्यांची व्युत्पत्ती आणि घराण्यांचा माग. मुकुटबन हे वणी–आदिलाबाद लोहमार्गावरचे स्थानक. तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा आणि पल्याड तेलंगण.

तेलुगूत घराण्याच्या नावाला ‘इंटि पेरु’, म्हणजे घरनाव म्हणतात. ते व्यक्तीच्या नावाआधी येते. त्याला ‘वारु’ हे आदरार्थी अनेकवचन जोडले की ‘अमक्या घरची मंडळी’ असा अर्थ होतो. मराठीत अंत्य उकार गळाला आणि घरनाव नावाच्या शेवटी जाऊन बसले. मामिडी म्हणजे आंबा, कोंडा म्हणजे डोंगर, गड्डम म्हणजे दाढी. त्यांवरून मामिडवार, कोंडावार, गड्डमवार. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे आडनावही याच घडणीचे. याच मुलखातल्या गोंडांत मरकाम हे कूळ आहे. गोंडीत ‘मरका’ म्हणजेही आंबाच, पण म्हणून मामिडवार आणि मरकाम यांचे नाते जुळत नाही. ‘वार’वरून जातही ठरत नाही. कोमटी, पद्मशाली अशा अनेक समाजांत ही आडनावे आहेत.

एकोणिसाव्या शतकातला पूर्वज शोधताना पहिली अडचण सीमेची. निजामाशी झालेल्या 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1864 मध्ये वूण जिल्हा झाला आणि 1905 मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. पैनगंगेपलीकडचा मुलूख मात्र 1948 पर्यंत निजामाकडे राहिला. त्यामुळे एकाच घराण्याचे कागद अलीकडे मोडी-मराठीत, तर पलीकडे फारसी-उर्दूत सापडू शकतात.

दुसरी अडचण अधिक चिवट आहे. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, आडनाव पुष्कळदा नसतेच. ‘गोविंदा वल्द रामा’ असे बापाचे नाव, जात, आणि बाळाच्या जागी नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसल्याने मामिड आणि मामीड एकच समजावेत. म्हणून आडनावामागे न धावता बाप, आजा, गाव आणि शेताचे खाते अशी साखळी लावावी. 1954-55 चे अधिकार अभिलेख आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हे तिचे अलीकडचे दुवे. तेथून मागे सरकणेच खात्रीचे.

आज हा शोध बहुधा जातपडताळणीसाठी सुरू होतो. त्यासाठी विमुक्त जाती-भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, तर इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. तेवढा कागद हाती आला की शोध तिथेच थांबतो, ही खरी हानी आहे. तहसील कार्यालयात जाण्याआधी घरातल्या थोरल्या बाईला माहेरचे व सासरचे घरनाव, गोत्र आणि कुलदैवत विचारून लिहून घ्यावे. सोयरीक जुळवताना हेच पाहिले जात असल्याने कागदावर न आलेले घरनाव तिच्या तोंडी असते.