सजगता प्रशिक्षण : मेंदू आणि संवेदनांवरील परिणाम

श्वास, शरीरातील संवेदना, आवाज किंवा मनात उमटणारे विचार यांवर क्षणोक्षणी लक्ष ठेवायचे आणि त्यांना चांगले-वाईट ठरवायचे नाही, या पद्धतशीर सरावाला सजगता प्रशिक्षण म्हणतात. ‘माइंडफुलनेस’ हे त्याचे रुळलेले नाव. त्याचा सर्वांत ठोस परिणाम दिसतो तो वेदनेच्या अनुभवावर. आठ आठवड्यांत मेंदूची रचनाच बदलते, या गाजलेल्या दाव्याला मात्र नंतरच्या संशोधनात आधार मिळालेला नाही.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर येथील वैद्यकीय केंद्रात असे वर्ग सुरू केले. अनेक उपचार करूनही दुखणे हटत नाही, असे रुग्ण त्यांच्याकडे येत. अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा. आठवड्यातून एक वर्ग आणि घरी रोजचा सराव. आरंभी एक बेदाणा हातावर ठेवला जातो. तो न्याहाळायचा, बोटांनी चाचपायचा, हुंगायचा, कानाशी धरायचा आणि मगच सावकाश चावायचा. पुढे आडवे पडून अंगभर क्रमाने लक्ष फिरवायचे. या सरावात बर्मी गुरू ऊ बा खिन यांच्या परंपरेचा अंश आहे. त्यांचेच शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये विपश्यना ही ध्यानपद्धती भारतात आणली आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र उभे राहिले. तिथल्या दहा दिवसांच्या मौन शिबिरात साधक आधी नाकपुड्यांखालच्या, वरच्या ओठावरच्या एवढ्याशा जागेवर लक्ष ठेवतो आणि मग डोक्यापासून पायांपर्यंतच्या संवेदना तपासू लागतो.

वेदनेवरचा बोलका प्रयोग फादेल झैदान आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. ध्यानाचा अनुभव नसलेल्या १५ जणांच्या पोटरीला ४९ अंश सेल्सिअसचा चटका देत त्यांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण झाले. मग चार दिवस, रोज वीस मिनिटे, श्वासावर लक्ष ठेवण्याचे शिक्षण देऊन तीच चाचणी पुन्हा घेतली. ध्यान करत असताना त्यांना वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी आणि तिचा त्रास ५७ टक्क्यांनी कमी जाणवला. चटका तोच होता, पण स्पर्श-वेदनेची पहिली नोंद घेणाऱ्या, कॉर्टेक्स म्हणजे मेंदूच्या बाह्य आवरणाच्या भागातली हालचाल मंदावली होती. भावना आणि लक्ष यांचा मेळ घालणारे काही भाग उलट अधिक सक्रिय झाले होते. शरीर स्वतःच अफूसदृश वेदनाशामके सोडत असेल, ही शंका रास्त होती. म्हणून २०१६ च्या प्रयोगात त्यांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्झोन टोचण्यात आले. तरीही ध्यानाने वेदना कमी झालीच. त्यामुळे हा परिणाम दुसऱ्या एखाद्या मार्गाने होत असावा, असे मानले जाते.

इतर संवेदनांचे चित्र एकसारखे नाही. क्लिफर्ड सेरॉन यांच्या ‘शमथ प्रकल्पा’त साधकांनी तीन महिने रोज सुमारे पाच तास ध्यान केले; त्यानंतर पडद्यावरच्या दोन रेघांच्या लांबीतला अधिक बारीक फरक त्यांना ओळखता येऊ लागला. कॅथरिन केर यांच्या २०११ च्या अभ्यासात हाताकडे किंवा पायाकडे लक्ष वळवण्याची सूचना मिळताच प्रशिक्षितांच्या मेंदूतल्या, हाताशी संबंधित भागातील अल्फा नावाच्या विद्युत लहरी अधिक स्पष्टपणे बदलत. पण २००८ मध्ये तिबेटी बौद्ध आणि कुंडलिनी परंपरेतल्या अनुभवी साधकांना नाडीला हात न लावता हृदयाचे ठोके ओळखायला सांगितले, तेव्हा ते ध्यान न करणाऱ्यांहून सरस ठरले नाहीत. आपण सरस आहोत, असे मात्र त्यांना वाटत होते. हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. ज्ञानेंद्रिये सरसकट तल्लख होतात असे म्हणण्याऐवजी, आलेल्या संवेदनेकडे लक्ष कसे दिले जाते ते बदलते, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल.

रचनाबदलाच्या दाव्याची कहाणी याहून बोधक आहे. सारा लाझार यांनी २००५ मध्ये २० साधकांच्या मेंदूत शरीराच्या आतील संवेदनांशी निगडित इन्सुला आणि कपाळामागच्या काही भागांतले कॉर्टेक्स अधिक जाड असल्याचे नोंदवले. मुळातच तसा मेंदू असलेली माणसे ध्यानाकडे वळत असतील, हे अशा तुलनेतून नाकारता येत नाही. २०११ मध्ये ब्रिटा हॉल्झेल आणि सहकाऱ्यांनी आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाआधी आणि नंतर १६ जणांचे चित्रण केले. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधील करड्या द्रव्याची घनता वाढलेली दिसली. बातमी जगभर पसरली. २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी दोनशेहून अधिक जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत वाटले: एका गटाला सजगता, दुसऱ्याला व्यायाम, आहार आणि संगीत यांवर आधारलेला कार्यक्रम, तिसऱ्याला प्रतीक्षा. सजगतेच्या गटात रचनेतला वेगळा बदल आढळला नाही. तरीही जुना दावा आजही जाहिरातींतून फिरतो, आणि आजारी माणसाला तो ऐकवणे अन्यायाचे आहे.

लक्ष आत वळवणे सर्वांनाच मानवते असेही नाही. जेरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुलाखतींत काही साधकांनी प्रकाश आणि आवाज असह्य होणे, भीती दाटणे, स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे असे अनुभव सांगितले. काहींचा त्रास बराच काळ टिकला. इगतपुरीच्या शिबिरासाठी अर्ज करतानाही मानसिक आजारांची माहिती द्यावी लागते आणि गंभीर मानसिक विकार असलेल्यांना हे शिबिर सुचवले जात नाही.