बाबांचा स्क्रूड्रायव्हर

मंडळी, गेल्या महिन्यात माळा आवरताना एक खोकं सापडलं. आत सेगाचा जेनेसिस. हा गेम अमेरिकेत १९८९ साली आला आणि १९९२ च्या मे महिन्यात मामाच्या बॅगेतून आमच्या घरी! (मामा, तू हे वाचणार हे माहीत आहे, म्हणून पुन्हा एकदा थँक्यू.)

घरातल्या मंडळींना पुढचं आठवत असेल. स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याने एक वायर सोल्डर करून दिली, ती टीव्हीच्या मागे व्हीसीआरच्या जागी खुपसली... आणि चित्र लिफ्टसारखं वर सरकायला लागलं. थांबेचना. मी रडकुंडीला आलो. बाबा ऑफिसातून आले, चहासुद्धा न घेता टीव्हीच्या मागे गेले आणि व्ही-होल्डच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून हळूहळू फिरवू लागले. चित्र थांबलं! कृष्णधवल आणि जरा चेपलेलं, पण थांबलं.

हे असं का झालं, ते मला आत्ता कुठे नीट समजलंय.

जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ लिहीत जातो, टाइपरायटरसारखा. ओळ संपली की मागे ये, पान संपलं की वर जा, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. तो निरोप म्हणजे सिंक. जेमतेम एक व्होल्टचा व्हिडिओ सिग्नल, त्यातला सुमारे ०.३ व्होल्टचा खालचा भाग या निरोपासाठी राखीव. तो काळ्याच्याही खाली असतो, म्हणून पडद्यावर कधी दिसत नाही.

आता अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे १९४१ साली तिथे ठरलं ५२५ ओळी आणि सेकंदाला ६० फेऱ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ६२५ ओळी आणि ५० फेऱ्या. पण गंमत बघा, सेकंदाला एकूण ओळी जवळजवळ सारख्याच भरतात! रंग आल्यावर अमेरिकेत १५,७३४, आपल्याकडे १५,६२५. म्हणून आमचं चित्र आडवं फाटलं नाही, फक्त उभं पळत राहिलं. ते बाबांनी स्क्रूने आवरलं. रंग मात्र कुठल्याच स्क्रूने आले नसते, कारण १९८२ पासून दूरदर्शनचे रंग पाल पद्धतीचे आणि जेनेसिसचे एनटीएससी. तो वेगळाच संसार.

अडचण एकच होती. गेमसाठी फिरवलेला स्क्रू तसाच ठेवला, की दूरदर्शन पळायला लागायचं. म्हणून रोज संध्याकाळी बातम्यांआधी बाबा स्क्रू परत फिरवायचे आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी पुन्हा उलटा. सगळी सुट्टी हे चाललं. एकदाही म्हणाले नाहीत, की बास झालं आता.

असो. तो टीव्ही केव्हाच भंगारात गेला. या वेळी हाताशी होता कॉम्प्युटरचा जुना व्हीजीए मॉनिटर. जेनेसिसच्या गोल सॉकेटातून लाल, हिरवा, निळा आणि सिंक, सगळं वेगवेगळं मिळतं. (ज्या यंत्रांत सिंक असा सुटा मिळत नाही, तिथे एलएम १८८१ ही आठ पायांची चिप व्हिडिओतून तो चाळून काढते.) म्हटलं, सोपं आहे. वायर जोडली. मॉनिटर म्हणाला, आऊट ऑफ रेंज!

कारण १९८७ साली आयबीएमने आणलेल्या व्हीजीएला सेकंदाला सुमारे ३१,५०० ओळी लागतात, आणि आडवा-उभा सिंकही वेगवेगळा. जेनेसिस देणार त्याच्या निम्म्या. पण नीट पाहिलं तर व्हीजीएचा हा आकडा त्या जुन्या अमेरिकन टीव्हीच्याच आकड्याची बरोबर दुप्पट आहे. व्हीजीएच्या एका पानात ओळीही ५२५ च! जेनेसिस एका फेरीत २६२ ओळी देतो. त्यांची दुप्पट ५२४. म्हणजे मॉनिटर आणि गेम एकाच आजोबांची नातवंडं, फक्त बोलचाल बंद.

मग मध्ये एक लाइन डबलर बसवला. तो प्रत्येक ओळ लक्षात ठेवतो आणि दुप्पट वेगाने दोनदा सांगतो. दोन्ही सिंकही वेगवेगळे करून देतो. स्विच दाबला. निळा सॉनिक पळायला लागला... आणि रंगीत! तीस वर्षांनी मला पहिल्यांदा कळलं, की त्याचे बूट लाल दिसतात.

आई मागे उभी होती. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "छान आलंय रे. पण बातम्यांच्या वेळी परत कोण फिरवणार?"

मी म्हटलं, आता फिरवावं लागत नाही आई.

ती "बरं" म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

स्क्रूड्रायव्हर त्याच खोक्यात होता. माळ्यावर परत टाकला नाही, टेबलाच्या खणात ठेवलाय.